स्प्रिंटचे नियोजन: ठरलेल्या वेळेत मावेल एवढे काम कसे निवडावे

प्रस्तावना

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात अजाइल पद्धतीवर एक घटक असतो. स्क्रम, स्प्रिंट, बॅकलॉग, युजर स्टोरी या संज्ञांच्या व्याख्या परीक्षेपुरत्या पाठ होतात आणि त्यांवर गुणही मिळतात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात त्याच संज्ञा वापरायची वेळ आली की अडचण सुरू होते. गट पहिल्या आठवड्यात वीस कामांची यादी करतो, दोन आठवड्यांनी त्यातली पंधरा कामे ‘जवळजवळ झालेली’ असतात आणि चालवून दाखवता येईल असे एकही नसते. पुढच्या दोन आठवड्यांतही तेच होते. शेवटी सगळे काम सादरीकरणाआधीच्या काही रात्रींत कोंबले जाते.

यात आळस क्वचितच असतो. बहुतेक वेळा स्प्रिंट सुरू होण्याआधीच, म्हणजे नियोजनाच्या बैठकीतच, चूक झालेली असते. हाताशी किती वेळ आहे हे न मोजता काम घेतले जाते आणि कशासाठी घेतले हे ठरवलेले नसते.

या पाठाच्या शेवटी तुम्हाला पुढील गोष्टी करता आल्या पाहिजेत:

१. स्प्रिंटचे उद्दिष्ट एका वाक्यात लिहिणे.
२. टीमचा प्रत्यक्ष उपलब्ध वेळ काढणे.
३. कामाच्या आकाराचा अंदाज गटाने मिळून करणे.
४. मागील अनुभवावरून या वेळी किती काम घ्यायचे ते ठरवणे.
५. स्प्रिंट चालू असताना अंदाज चुकला तर काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही हे ओळखणे.

१. थोडी पार्श्वभूमी

१९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी नवीन उत्पादने घडवणाऱ्या टीमवर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी अशा टीमची तुलना रग्बीच्या संघाशी केली होती. स्क्रम हा शब्द रग्बीतलाच आहे. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत स्क्रम ही सॉफ्टवेअर विकासाची पद्धत म्हणून मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ जण एकत्र आले आणि त्यांनी अजाइल जाहीरनामा तयार केला. चालणारे सॉफ्टवेअर वारंवार, शक्य तितक्या कमी कालावधीने द्यावे, हे त्यातील १२ तत्त्वांपैकी एक आहे.

स्प्रिंट म्हणजे ठरलेल्या लांबीचा कामाचा छोटा टप्पा. ‘स्क्रम गाइड’ या अधिकृत मार्गदर्शिकेनुसार तो एक महिना किंवा त्याहून कमी असतो. व्यवहारात दोन आठवड्यांचा स्प्रिंट सर्रास दिसतो. तो एकदा सुरू झाला की लांबवत नाहीत. काम राहिले तर ते परत यादीत जाते, तारीख मात्र पुढे सरकत नाही.

या शब्दाने एक गैरसमजही होतो. शंभर मीटर धावणारा खेळाडू शेवटच्या रेषेवर सगळी ताकद संपवतो. पण सॉफ्टवेअरच्या टीमला एक स्प्रिंट संपला की पुढच्या कामाच्या दिवशी दुसरा सुरू करायचा असतो. म्हणून जाहीरनाम्यातील आणखी एक तत्त्व सांगते की कामाचा वेग कितीही काळ टिकवता येईल असा असावा. जे नियोजन रात्रभर जागल्याशिवाय पूर्ण होत नाही ते नियोजन चुकलेले आहे, हे इथेच लक्षात ठेवा.

२. नियोजनाच्या बैठकीत कोणते प्रश्न सोडवायचे?

स्क्रम गाइडच्या २०२० च्या आवृत्तीनुसार या बैठकीत तीन विषय असतात:

* हा स्प्रिंट कशासाठी? यातून स्प्रिंटचे उद्दिष्ट ठरते.
* या स्प्रिंटमध्ये काय करता येईल? यातून निवडलेल्या कामांची यादी मिळते.
* ते काम कसे करायचे? यातून कामांचे लहान तुकडे मिळतात.

एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी ही बैठक जास्तीत जास्त ८ तासांची असते. स्प्रिंट लहान असेल तर बैठकही सहसा लहान होते. बैठकीला सगळी टीम हजर असते: कोणते काम जास्त मोलाचे हे सांगणारा प्रॉडक्ट ओनर, काम करणारे डेव्हलपर आणि पद्धत नीट पाळली जाते ना हे पाहणारा स्क्रम मास्टर. प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते. काय हवे ते प्रॉडक्ट ओनर सांगतो, पण किती घ्यायचे आणि ते कसे करायचे हे डेव्हलपर ठरवतात. ही विभागणी मोडली की नियोजन मोडते.

इथे एक महत्त्वाचा फरक समजून घ्या. मार्गदर्शिकेच्या २०११ च्या आवृत्तीत, निवडलेली कामे म्हणजे टीमने दिलेली ‘हमी’ हा शब्दप्रयोग काढून त्याजागी ‘अंदाज’ हा शब्द आणला गेला. २०२० च्या आवृत्तीने टीमची बांधिलकी स्प्रिंटच्या उद्दिष्टाशी जोडली. सोप्या भाषेत सांगायचे तर उद्दिष्ट हा टीमने दिलेला शब्द आहे, कामांची यादी हा त्यासाठी केलेला अंदाज आहे. पुढचा सगळा पाठ याच एका वाक्याचे स्पष्टीकरण आहे.

३. एक उदाहरण

समजा, अंतिम वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांचा एक गट वसतिगृहाच्या मेससाठी ॲप करत आहे. अडचण तुमच्या ओळखीची असेल. आचारी सगळ्यांच्या हिशेबाने कणीक मळतो, पण शनिवारी निम्मी मुले घरी गेलेली असतात. उरलेले अन्न वाया जाते. महिनाअखेरीस रिबेटचा हिशेब वहीत जुळत नाही आणि वाद होतात. विद्यार्थ्याने ‘उद्या जेवायला नाही’ अशी नोंद आदल्या दिवशी केली, तर दोन्ही गोष्टी सुटू शकतात. मेस सेक्रेटरी हा या प्रकल्पाचा प्रॉडक्ट ओनर आहे. स्प्रिंट दोन आठवड्यांचा आहे.

४. पहिली पायरी: उद्दिष्ट लिहा

पुढील दोन वाक्ये पाहा.

अ) ‘डेटाबेस पूर्ण करणे, लॉगिन मॉड्यूल करणे, पडद्यांचे डिझाइन करणे.’

आ) ‘उद्या जेवायला किती जण येणार, हे मेसच्या ठेकेदाराला आदल्या रात्री नऊ वाजता मोबाइलवर दिसावे.’

पहिले वाक्य ही कामांची जंत्री आहे. त्यातली दोन कामे झाली आणि एक राहिले, तर कोणाला काय मिळाले? कोणालाच काही नाही. दुसऱ्या वाक्यात माणूस आहे, त्याची गरज आहे आणि ती भागली की नाही हे तपासता येते.

विद्यार्थी गट पहिल्या प्रकारे विचार करतात याचे कारण आपण विषय तसे शिकतो. एका सत्रात डेटाबेस, दुसऱ्यात वेब तंत्रज्ञान, तिसऱ्यात चाचणी. मग प्रकल्पाचेही तसेच थर पाडले जातात. पहिल्या स्प्रिंटमध्ये सगळे तक्ते, दुसऱ्यात सगळा सर्व्हर, तिसऱ्यात सगळे पडदे. यात शेवटच्या थरापर्यंत काहीच चालत नाही आणि पहिल्या थरातली चूक शेवटी कळते. याउलट उभा काप घ्या. एकच सोय निवडा, पण तिच्यासाठी लागणारा पडदा, सर्व्हर, तक्ता आणि चाचणी सगळे याच स्प्रिंटमध्ये करा. केक थराथराने कोणी खात नाही, उभा कापूनच वाढतात.

५. दुसरी पायरी: खरा वेळ मोजा

बहुतेक नियोजन इथे फसते. आपल्या गटाचा हिशेब करू. प्रत्येकाला रोज तासिका संपल्यावर प्रकल्पासाठी ३ तास मिळतात आणि दोन आठवड्यांत कामाचे १० दिवस आहेत.

* कागदावरचा वेळ: ५ × १० × ३ = १५० तास
* दुसऱ्या आठवड्यात अंतर्गत चाचणी परीक्षेचे २ दिवस, म्हणजे ५ × २ × ३ = ३० तास वजा. उरले १२०.
* पहिल्या आठवड्यात एकाच्या घरी लग्न, ३ दिवस, म्हणजे ९ तास वजा. उरले १११.
* बैठका: नियोजन २ तास, परीक्षेचे दिवस सोडून ८ दिवस रोजची १५ मिनिटांची बैठक म्हणजे २ तास, शेवटी आढावा १ तास आणि सिंहावलोकन १ तास. एकूण माणशी ६ तास, पाच जणांचे ३० तास वजा. उरले ८१. (लग्नाला गेलेल्याच्या रोजच्या बैठकांचा फरक पाऊण तासाचा आहे, तो सोडून देऊ.)
* अनपेक्षित गोष्टींसाठी पाचवा हिस्सा, सुमारे १६ तास राखीव. लॅपटॉप बिघडतो, वसतिगृहाचे इंटरनेट जाते, प्राध्यापक अचानक असाइनमेंट देतात. उरले ६५.

कागदावर १५० तास होते, प्रत्यक्षात ६५ आहेत, म्हणजे निम्म्याहूनही कमी. जो गट हा हिशेब करत नाही तो १५० तासांचे काम उचलतो आणि मग उरलेले ८५ तास झोपेतून, परीक्षेच्या अभ्यासातून आणि चाचणीच्या कामातून काढतो.

पाचवा हिस्सा राखून ठेवणे हा काही नियम नाही. तुमच्या गटात दर स्प्रिंटमध्ये किती अनपेक्षित वेळ गेला, याची दोन-तीन वेळा नोंद करा आणि तो आकडा वापरा.

६. तिसरी पायरी: कामाचा आकार ठरवा

माणूस स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज नेहमी कमी करतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीला ‘नियोजनाचा भ्रम’ अशा अर्थाचे नाव दिले. अंदाज करताना आपल्या डोळ्यांसमोर सगळे सुरळीत पार पडल्याचे चित्र असते. अशा प्रकारची कामे मागे किती वेळात झाली होती, हे आपण आठवून पाहत नाही.

म्हणून अनेक टीम थेट तास न विचारता कामांची एकमेकांशी तुलना करतात. एक लहान, ओळखीचे काम घेऊन त्याला २ पॉइंट द्यायचे आणि बाकीची कामे त्याच्या मानाने मोजायची. यांना स्टोरी पॉइंट म्हणतात. स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट सक्तीचे नाहीत, किंबहुना त्यांचा उल्लेखही नाही. ती टीमने सोयीसाठी वापरायची गोष्ट आहे.

अंदाज एकत्र करण्यासाठी ‘प्लॅनिंग पोकर’ ही पद्धत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली आणि पुढे माइक कोहन यांच्या पुस्तकामुळे ती सर्वत्र पोहोचली. प्रत्येकाकडे १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे लिहिलेली पाने असतात. काम वाचून दाखवल्यावर प्रत्येक जण मनातला आकडा निवडतो आणि सगळे एकाच वेळी पान उलटतात. ज्याचा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान ते दोघे आपले कारण सांगतात. मग पुन्हा पाने टाकतात.

एकाच वेळी पान उलटण्याला मोठा अर्थ आहे. आपल्या वर्गात आकडा विचारला की सगळे आधी गटातल्या हुशार मुलाकडे किंवा टीम लीडरकडे पाहतात. तो ‘दोन’ म्हणाला की बाकीच्यांचेही दोनच होतात. कमी बोलणाऱ्या मुलीला जी अडचण दिसलेली असते ती तिच्याजवळच राहते.

आपल्या उदाहरणात ‘रात्री ९ वाजता नोंदणी बंद होणे’ या कामावर पाने पडली: १, १, २, १ आणि ५. पाच म्हणणारीने विचारले, “मोबाइलचे घड्याळ मागे केले तर? आणि नऊच्या आधी पान उघडून नऊनंतर बटण दाबले तर?” एक म्हणणाऱ्याने सुचवले की वेळ मोबाइलची न धरता सर्व्हरची धरू, म्हणजे तपासणी एकाच ठिकाणी होईल. दुसऱ्या फेरीत बहुतेकांचे २ आले. आकडा मिळाला, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे एक संभाव्य त्रुटी कोड लिहिण्याआधीच सापडली. अंदाजाच्या बैठकीचा खरा फायदा हाच असतो.

सर्व कामांचे आकार असे ठरले:

क) विद्यार्थ्याने उद्याची गैरहजेरी नोंदवणे: ३
ख) रात्री ९ वाजता नोंदणी बंद होणे: २
ग) ठेकेदाराला एकूण आकडा आणि नावांची यादी दिसणे: ३
घ) महिनाअखेरीस रिबेटचा हिशेब: ५
ङ) विसरणाऱ्यांना आठवणीचा संदेश: ३
च) पासवर्ड विसरल्यास नवीन घेणे: २

७. चौथी पायरी: मागचा वेग पाहा

एका स्प्रिंटमध्ये टीमने पूर्ण केलेल्या पॉइंटची बेरीज म्हणजे व्हेलॉसिटी. इथे अर्धे गुण नसतात. ५ पॉइंटचे काम नव्वद टक्के झाले, तरी त्याचे शून्य धरतात, कारण ठेकेदाराला नव्वद टक्के आकडा दाखवता येत नाही.

समजा, या गटाचे मागील तीन स्प्रिंट १४, ९ आणि १३ असे होते. सरासरी १२. केंट बेक आणि मार्टिन फाउलर यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगमधील नियोजनावर २००० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या विचाराला ‘कालचे हवामान’ म्हटले आहे. उद्याचे हवामान काय असेल, या प्रश्नाचे सर्वांत सोपे आणि बऱ्यापैकी बरोबर उत्तर म्हणजे आज आहे तसेच.

पण या वेळी परीक्षा आणि लग्न आहे. मागच्या स्प्रिंटमध्ये असे काही नव्हते, तेव्हा हाताशी १५० वजा ३० म्हणजे १२० आणि त्यातला पाचवा हिस्सा काढून ९६ तास होते. आता ६५ आहेत. म्हणून

१२ × ६५ ÷ ९६ ≈ ८ पॉइंट.

तीनच आकड्यांवरून काढलेली सरासरी फार भरवशाची नसते. ९ ते १४ या पल्ल्याला त्याच प्रमाणात कमी केले तर ६ ते साडेनऊ येते. प्रॉडक्ट ओनरला ‘आठ’ सांगताना हा पल्लाही सांगा. पहिल्याच स्प्रिंटमध्ये मागचा आकडा नसतो. तेव्हा फक्त तासांच्या हिशेबावर जा आणि मुद्दाम कमी काम घ्या.

८. पाचवी पायरी: निवडा आणि फोडा

उद्दिष्ट समोर ठेवून यादी पाहा. क, ख आणि ग यांच्याशिवाय ठेकेदाराला खरा आकडा मिळणार नाही. त्यांची बेरीज ३ + २ + ३ = ८. घ महत्त्वाचे आहे, पण या उद्दिष्टासाठी लागत नाही. ते यादीत राहील.

आता प्रत्येक कामाचे तुकडे पाडून तासांत उलटतपासणी करू.

* क: पडदा ६, सर्व्हर आणि तक्ता ८, जोडणी २, चाचणी ४. एकूण २० तास.
* ख: सर्व्हरवरील वेळेची तपासणी ५, सूचना २, चाचणी ४. एकूण ११ तास.
* ग: आकडा व यादी काढणारी क्वेरी ५, पडदा ५, ठेकेदाराच्या फोनवर पाहणे ३, चाचणी ४, सर्व्हरवर चढवणे ६. एकूण २३ तास.

बेरीज ५४. हाताशी ६५ तास आहेत, म्हणून ११ तास शिल्लक दिसतात. अशा वेळी ‘पासवर्डचे कामही घेऊन टाकू’ असे कोणीतरी म्हणतेच. थांबा आणि विचारा, काय विसरलो? एकमेकांचा कोड वाचून तपासणे विसरलो. त्याचे ८ तास धरले की बेरीज ६२ होते. आता यादी भरली. पॉइंट आणि तास या दोन वेगळ्या वाटांनी जाऊन उत्तर एकाच ठिकाणी आले, म्हणून या अंदाजावर थोडा विश्वास ठेवता येतो. दोन्ही उत्तरे फार वेगळी आली तर कुठलेतरी काम नीट समजलेले नाही असे समजा.

प्रत्यक्ष फळ्यावर चिठ्ठ्या लावताना काम एका दिवसात संपेल एवढे लहान करा. या गटाचा एक दिवस म्हणजे ३ तास, म्हणून ८ तासांच्या सर्व्हरच्या कामाच्या किमान तीन चिठ्ठ्या होतील. तुकडे लहान असले की अडलेले काम दुसऱ्याच दिवशी उघडे पडते. एकच मोठी चिठ्ठी आठवडाभर ‘चालू आहे’ या रकान्यात लटकत राहिली तर कोणालाच काही कळत नाही.

‘झाले’ म्हणजे काय? हे नियोजनाआधीच लिहून ठेवा. आपल्या गटासाठी: कोड मुख्य शाखेत आला, दुसऱ्या सदस्याने वाचला, चाचण्या पार झाल्या आणि सर्व्हरवर चालतो. ‘माझ्या लॅपटॉपवर चालते’ हे झाले नव्हे.

९. स्प्रिंट चालू असताना अंदाज चुकला तर?

अंदाज चुकणारच. प्रश्न एवढाच आहे की तो चुकल्यावर कशाला हात लावायचा. आपल्याकडे चार गोष्टी आहेत: तारीख, माणसे, गुणवत्ता आणि व्याप्ती.

तारीख ठरलेली आहे. माणसे वाढवून उपयोग होत नाही. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर उशीर आणखी वाढतो, हे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवले आहे, कारण नव्या माणसाला समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. राहिल्या गुणवत्ता आणि व्याप्ती. घाईत पहिला बळी जातो तो गुणवत्तेचा, कारण चाचणी गाळली तर ते लगेच दिसत नाही. स्क्रमचा नियम याच्या उलट आहे. स्प्रिंटमध्ये गुणवत्ता कमी होऊ द्यायची नाही, व्याप्तीबद्दल मात्र प्रॉडक्ट ओनरशी बोलून फेरविचार करता येतो.

समजा, सहाव्या दिवशी लक्षात आले की सर्व्हरवर चढवण्याचे काम ६ तासांऐवजी १४ तास घेणार. आठ तास कुठून आणायचे? गट मेस सेक्रेटरीकडे जातो आणि सांगतो, “या वेळी फक्त एकूण आकडा दाखवतो, नावांची यादी पुढच्या स्प्रिंटमध्ये देतो.” यादीची क्वेरी, पडदा आणि चाचणी यांतले पाच-एक तास सुटतात, उरलेले शिल्लक आणि राखीव वेळेतून निघतात. स्वयंपाकासाठी आकडा पुरतो, म्हणून उद्दिष्ट शाबूत राहते. उद्दिष्ट नसते तर यातले काय सोडायचे हे ठरवायला काहीच आधार नव्हता.

क्वचित उद्दिष्टच निरर्थक होते. उदाहरणार्थ, वसतिगृहाने ठेकेदारच बंद करून कूपन पद्धत सुरू केली. अशा वेळी स्प्रिंट रद्द करता येतो आणि तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा असतो.

१०. नोकरीत गेल्यावर

तुमच्यापैकी अनेक जण अशा टीममध्ये काम कराल जिथे ग्राहक दुसऱ्या देशात असेल आणि तारीख विक्री विभागाने आधीच सांगून टाकलेली असेल. बैठकीचे नाव स्प्रिंट नियोजन असेल, पण प्रश्न असा येईल: “दोन दिवसांत होईल ना?” नवीन माणसाला ‘हो’ म्हणण्याचा मोह होतो. नाही म्हटले तर आपण कच्चे ठरू, अशी भीती असते.

पण त्या ‘हो’ ची किंमत तुम्हीच मोजता आणि तुमच्या आकड्यावर विसंबलेले सहकारीही मोजतात. चाचणी करणाऱ्याला शुक्रवारी संध्याकाळी कोड मिळतो आणि त्याचा शनिवार जातो. म्हणून उत्तर देण्याची सवय आत्ताच, प्रकल्पात लावून घ्या. ‘नाही’ म्हणण्याची गरज नसते. काम फोडून सांगा: “पडद्याचे काम उद्यापर्यंत देतो. पेमेंटचा भाग मी अजून उघडून पाहिलेला नाही. दुपारी दोन तास पाहतो आणि चार वाजता आकडा सांगतो.” यात काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कधी कळेल हे तिन्ही आले. अनुभवी टीम लीडरला असे उत्तर हवेच असते.

आणखी एक सावधगिरी. व्हेलॉसिटी हे टीमने स्वतःसाठी वापरायचे माप आहे. तिच्यावरून दोन टीमची तुलना करू नका, कारण एकीचे ३ पॉइंट म्हणजे दुसरीचे ८ असू शकतात. ‘पुढच्या स्प्रिंटला वीस टक्के वाढवा’ असे लक्ष्य दिले तर आकडा वाढतोही. कालचे ३ चे काम आज ५ चे होते, एवढेच. काम तेवढेच राहते आणि टीमच्या हातातला एकमेव खरा आकडा खोटा होतो.

सारांश

* स्प्रिंटची लांबी ठरलेली असते, म्हणून काम वेळेत मावेल असे निवडायचे.
* आधी उद्दिष्ट, मग उपलब्ध वेळ, मग आकार, मग निवड, हा क्रम पाळा.
* कागदावरचे तास आणि हाताशी असलेले तास यांत मोठे अंतर असते. ते मोजा.
* पूर्ण झालेले काम तेवढेच मोजा.
* अडचण आली तर व्याप्ती कमी करा, गुणवत्ता नाही.

स्वाध्याय

१. ‘स्प्रिंटमधील कामांची यादी हा अंदाज आहे’ हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.

२. चार जणांची टीम, १० दिवस, रोज माणशी ६ तास. एकाची २ दिवस रजा. बैठकांसाठी माणशी ७ तास. राखीव वेळ २० टक्के. उपलब्ध तास काढा. (उत्तर: १६०)

३. तुमच्या प्रकल्पातील एक सोय निवडा आणि तिचा उभा काप कोणत्या कामांचा होईल ते लिहा.

४. वरील उदाहरणात पुढच्या स्प्रिंटमध्ये घ, ङ, च यांपैकी काय घ्याल? आधी उद्दिष्टाचे वाक्य लिहा, मग निवड करा.

५. तुमच्या गटासाठी ‘झाले’ ची व्याख्या चार ओळींत लिहा आणि पुढील दोन आठवडे ती पाळून पाहा. किती कामे त्या कसोटीला उतरली, त्याची नोंद ठेवा. तीच तुमची पहिली व्हेलॉसिटी असेल.